छातीवर कुणीतरी बसलंय

माझा आतेभाऊ २२ वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेत होता. गाव कोरेगाव तालुक्यातलं. आत्या दर महिन्याला त्याला एसटीनं साताऱ्याला दवाखान्यात न्यायची, गोळ्यांचा खाडा कधी पडू दिला नाही. कानातले आवाज थांबले होते. रानात जायचा, आल्याच्या पिकाला पाणी द्यायचा. वयाच्या ५१व्या वर्षी एका संध्याकाळी तो म्हणाला, "छातीवर कुणीतरी बसलंय." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भास पुन्हा सुरू झाले, असंच सगळ्यांना वाटलं. डोक्याची गोळी देऊन त्याला झोपवलं. सकाळी तो उठला नाही.

छातीवर ओझं ठेवल्यासारखं, कुणी बसल्यासारखं वाटणं हे हार्ट अटॅकचं अगदी नेहमीचं लक्षण. गावातलं दुसरं कुणी तसं म्हणालं असतं, तर मिळेल त्या गाडीनं आम्ही सातारा गाठला असता. त्याच्या तोंडून आलं म्हणून ते 'डोक्याचं' ठरलं. ही चूक घरचे करतात तशी डॉक्टरही करतात, आणि जगभर करतात: मनाच्या आजाराचं निदान एकदा झालं, की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर मांडलं जातं. भरीला स्किझोफ्रेनियाच्या अनेक पेशंटना वेदना कमी जाणवते किंवा ती सांगता येत नाही. अपेंडिक्स फुटेपर्यंत पेशंटनं पोट दुखतंय म्हणून तक्रारच केली नाही, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१७ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, त्यात स्किझोफ्रेनियात सरासरी साडेचौदा वर्षं कमी भरली. हे ऐकल्यावर लोकांच्या मनात पहिल्यांदा आत्महत्या येते. तो धोका खरा आहे, पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, मधुमेह, जंतुसंसर्ग अशा साध्या, ओळखीच्या रोगांनी होतात. म्हणजे ज्यांच्यावर तालुक्याच्या गावीही उपचार मिळतात, त्याच रोगांनी.

काही दोष गोळ्यांकडेही जातो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे निरोप घेणाऱ्या काही जागा (रिसेप्टर) अडवतात. त्यानं पोट भरल्याची जाणीव बोथट होते. "रात्री उठून भाकरी शोधतो" असं घरचे सांगतात, तो त्या माणसाचा हावरेपणा नसतो. वजन बहुधा पहिल्या काही महिन्यांतच भराभर चढतं, पाठोपाठ शुगर आणि कोलेस्टेरॉल. पण हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका. फिनलंडमध्ये ६६ हजारांहून अधिक पेशंटची ११ वर्षांची माहिती तपासली, तेव्हा ही औषधं अजिबात न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. गोळी हवीच, आणि तिच्याबरोबर वजनकाटाही हवा.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली विडीची. धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमानं काम करतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन लवकर निकामी करतं. विडी एकदम सुटली, तर तेवढ्याच डोसात रक्तातलं औषध वाढतं. म्हणून विडी जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. चुना-तंबाखू नि मशेरीत धूर नसल्यानं हा परिणाम होत नाही, त्यांचे बाकीचे धोके मात्र आहेतच. दुसरी लिथियमची. बायपोलर आजारावर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी टोकाचं नैराश्य येतं त्यावर, ते औषध फार गुणकारी, पण उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं. उन्हात ऊसतोड करताना घाम जातो, जुलाब होतात किंवा अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून घेतली जाते, तेव्हा मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायला कमी पडतं. हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं, तर तडक दवाखाना गाठायचा.

उलट्या दिशेनंही हेच घडतं. माँट्रियलमध्ये हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २२२ जणांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या नैराश्य असलेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी जास्त होता. मधुमेहींमध्येही नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. मन खचलेला माणूस गोळी विसरतो, चालायला जात नाही. शिवाय ताणाची संप्रेरकं आणि शरीरातला दाह रक्तवाहिन्यांचं नुकसान करतच राहतात. तेव्हा मिरजेत हृदयावर उपचार घेऊन घरी आलेला माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसत असेल, तर तीही त्याच आजारातली तक्रार समजून डॉक्टरांच्या कानावर घाला.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २१व्या कलमानं मनाच्या पेशंटला शरीराच्या पेशंटच्या बरोबरीनं उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, अगदी रुग्णवाहिकेसकट. तो हक्क ओपीडीत मागून घ्यावा लागतो. गोळी सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, कंबर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल एवढं तरी बघा म्हणावं. कंबर तर घरीही मोजता येते: पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की धोका वाढला.

भाऊ गेल्यावर आत्याच्या पिशवीतले केसपेपर मी एकेक करून बघितले. २२ वर्षांत वजन एकदाच लिहिलेलं सापडलं, पहिल्या कागदावर. ५८ किलो. शेवटी त्याला खांदा देताना आम्ही सहाजण लागलो होतो.