उमेदवारीपासून ‘ओजेटी’पर्यंत

‘को-ऑप’ म्हटलं की रत्नागिरीत कुणालाही आधी पतपेढीच आठवणार. हे शिक्षणातलं को-ऑप निराळं : काही दिवस वर्ग, काही दिवस पगारी काम, पुन्हा वर्ग. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या २७ मुलांना घेऊन ते सुरू केलं. एक गट आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

आपल्याकडे उमेदवारी जुनीच. कोकणातला पोरगा बोटीनं मुंबई गाठायचा आणि गाववाल्याच्या ओळखीनं गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटायचा. पण त्या शिकण्याचा कॉलेजशी संबंध नव्हता. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची, म्हणजे हातानं काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या कल्पनेची मांडणी झाली. पुढे कोठारी आयोगानं कार्यानुभवाचा आग्रह धरला. माझ्या पिढीच्या वाट्याला त्यातून कागदी फुलं आली! खरा फरक पडला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं. १९७३ च्या दुरुस्तीनंतर पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले, विद्यावेतनासकट. मात्र ही उमेदवारी शिक्षण संपल्यावरची.

शिकता शिकता काम बघायचं तर दापोलीकडे बघावं. तिथलं कृषी विद्यापीठ १९७२ चं. शेवटच्या वर्षाची मुलं ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात येतात, वर्तमानपत्रांतले कृषिदूत आणि कृषिकन्या ते हेच. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करायचं : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पुस्तकात एवढंच. बागेत चुना जुना निघतो. मग द्रावणात लोखंडी कोयती बुडवायची, पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. हे एकदा हातानं केलेलं मूल मुलाखतीत अडखळत नाही. आणि चिखल आपल्याला झेपत नाही, हे कुणाला तेव्हाच कळलं, तर तोही फायदाच.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता कला-वाणिज्यवाल्यांनाही ‘ओजेटी’, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आली आहे. शहरात ठीक. गुहागर-राजापूरकडे एवढ्या मुलांना घेणारी आस्थापनं कुठून आणायची? बँका, वकील, हॉटेलं संपली की उरतो तो शिक्का मारून दिलेला दाखला. विद्यावेतन तर क्वचितच, आणि रोजचं एसटीचं भाडं घरूनच. खरं काम आहे ते आंब्याच्या पेटीत आणि कॅनिंगमध्ये, एप्रिल-मेमध्ये. नेमक्या तेव्हाच विद्यापीठाच्या परीक्षा असतात. श्नायडरसारखे दोन गट पाडायचे तर आधी ते वेळापत्रक हलवावं लागेल.