फीमाफी आणि करमाफी: आठ लाखांच्या अटीची पार्श्वभूमी

निवडणूक लागली की मुंबईत कर कमी करण्याचे आणि फी माफ करण्याचे आश्वासन एकाच पत्रकात छापून येते. आयकर माणसागणिक मोजतात, मुलींच्या फीमाफीला मात्र कुटुंबाच्या आठ लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे, आणि ती वाढवावी यावरून सध्या वाद आहे. कर मोजण्याचे माप वेगळे, फीसवलत मोजण्याचे वेगळे. या दोन मापांच्या मधल्या फटीत सापडलेल्या कुटुंबाला कॉलेजची पूर्ण फी भरावी लागते, आणि मुंबईत अशी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत.

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये आली आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी उकळल्या जाणाऱ्या देणगीवर, बंदी घालणारा कायदा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. कराच्या दृष्टीने खरा फरक पडला तो पुढे. १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ ठरल्या. पेमेंट सीटवाल्याच्या पैशातून फ्री सीटवाल्याचा खर्च भागत असे. ऑक्टोबर २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती रचना मोडीत काढली. एकाची फी दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही, संस्थेने आपली फी ठरवावी, मात्र नफेखोरी करू नये, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर गरीब विद्यार्थ्याचा भार शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पालकांवरून उतरला आणि सरकारी तिजोरीवर आला. फीचा प्रश्न कराचा झाला तो इथे.

आज खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखालचे प्राधिकरण मंजूर करते. संस्था लेखापरीक्षित हिशेब देते, त्यातले पगार, वीज, प्रयोगशाळा, घसारा असे मान्य होणारे खर्च विद्यार्थिसंख्येने भागले जातात आणि वर विकास शुल्क चढते. म्हणजे खर्च वाढला की फी वाढणार, हे सूत्रातच आहे. प्राध्यापकांना सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा तो बोजा याच वाटेने पालकांपर्यंत आला.

याच वाटेने जीएसटीही येतो, आणि त्याची चर्चा प्रचारात जवळपास होत नाही. कॉलेजच्या फीवर जीएसटी नाही, हे खरे. पण फी करमुक्त असल्यामुळेच कॉलेजने भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. सुरक्षारक्षक आणि साफसफाईच्या सेवेवरची सूट बारावीपर्यंतच्या शाळांना आहे, पदवी महाविद्यालयांना नाही. तिथे १८ टक्के लागतात. विद्यापीठ महाविद्यालयाकडून जे संलग्नता शुल्क घेते, त्यावरही १८ टक्के कर लागतो, असा खुलासा २०२४ च्या शरदात झाला. ही रक्कम खर्चात धरली जाते आणि शेवटी फीत उतरते. फीच्या पावतीवर ‘कर’ असा रकाना नसतो, म्हणून ती दिसत नाही.

शिक्षणाच्या नावाने थेट घेतला जाणारा करही आहे. २००४ मध्ये केंद्राने प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर (कराच्या रकमेवरचा जादा कर) लावला, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. २०१८ पासून दोन्हींच्या जागी चार टक्क्यांचा आरोग्य आणि शिक्षण उपकर आहे. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या उपकरातून २०१६-१७ पर्यंत ८३,४९७ कोटी रुपये जमा झाले, पण तोवर त्यासाठीचा स्वतंत्र निधीच उभा राहिला नव्हता, असे केंद्रीय लेखापरीक्षणात नोंदले गेले. दुसरी बाब याहून मोठी. केंद्राच्या विभाज्य, म्हणजे राज्यांसोबत वाटून घ्यायच्या, करांतला ४१ टक्के वाटा राज्यांकडे जातो, उपकरातले मात्र काहीच जात नाही. मुंबईतल्या अनुदानित कॉलेजच्या प्राध्यापकाचा पगार राज्य देते. त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीतून ‘शिक्षण’ म्हणून कापलेला पैसा त्या पगारापर्यंत पोचेलच असे नाही. निवृत्त प्राध्यापकाची जागा रिकामी राहते, तासिका तत्त्वावर माणूस येतो आणि कॉलेज स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदानाविना फीवर चालणाऱ्या, तुकड्या वाढवून खर्चाची तोंडमिळवणी करते.

मुंबईकराच्या मालमत्ता कराच्या बिलातही महापालिकेचा आणि राज्याचा असे दोन शिक्षण उपकर असतात. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफीचे आश्वासन २०१७ च्या पालिका निवडणुकीत दिले गेले. २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला आणि बाकीचे कर बिलात राहिले, त्यावरून बरीच ओरड झाली. १ जानेवारी २०२२ पासून सगळेच माफ झाले. सुमारे १६ लाख घरांना त्याचा फायदा झाला आणि तो योग्यच होता. पण त्या घरांकडून येणारा शिक्षण उपकरही त्यासोबत गेला, आणि त्याच्या जागी दुसरा पैसा कुठून येणार, हे त्या प्रचारात कुणी विचारले नाही.

सध्याच्या वादाच्या मुळाशी आहे जुलै २०२४ चा निर्णय. लोकसभेचे निकाल जूनच्या सुरुवातीला लागले, महिनाअखेर राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प आला, आणि नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. त्याआधी आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना यातला निम्माच परतावा मिळत असे. वाढीव खर्च ९०६ कोटींचा धरला होता. प्रचारात त्याचे ‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ झाले. निर्णयाच्या अटी मात्र नीट वाचायला हव्यात.

प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचा प्रवेश बाहेर. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे बाहेर. मुंबईतल्या काही मोठ्या नावांचा यात समावेश होतो, हे प्रवेश घेतल्यावर कळते. माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. समजा पावतीवर शिक्षण शुल्क १,३०,००० आणि विकास शुल्क १३,००० रुपये आहे. पूर्वी ६५,००० परत मिळत, आता १,३०,००० मिळतात. विकास शुल्काचे १३,००० तेव्हाही घरचे होते, आताही घरचेच. अनामत आणि वसतिगृह वेगळे.

अभ्यासक्रमाचे नावही तपासावे लागते. २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) लागू झाली. मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी तेव्हा बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केले. सीईटी टळली, पण ‘व्यावसायिक’ हा शिक्काही गेला. म्हणून फीसवलतीच्या यादीत आपला अभ्यासक्रम त्याच नावाने आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयाकडून प्रवेशाआधी लेखी घ्यावे.

आता आठ लाखांची अट. ऑक्टोबर २०१६ मध्ये, मराठा मोर्चांच्या काळात, फीसवलतीची उत्पन्नमर्यादा सहा लाखांवर नेली गेली आणि २०१७-१८ साठी आठ लाख झाली. २०२४ च्या निर्णयातही तोच आकडा राहिला. एवढ्या वर्षांत पगार, भाडे आणि फी वाढली, मर्यादा वाढली नाही. ही मर्यादा कुटुंबाची आहे, आईवडील दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाते. नवरा-बायको दोघे महिना ३५,००० कमावत असतील तर वर्षाचे ८ लाख ४० हजार होतात आणि मुलगी अपात्र ठरते. बोरीवलीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला आणि तालुक्याच्या गावी स्वतःच्या घरात राहणाऱ्या घराला एकच रेषा लावली जाते.

आयकर मात्र माणसागणिक मोजतात. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. वरच्या जोडप्यापैकी कुणालाच आयकर आधीही नव्हता, त्यामुळे करमाफीतून त्यांना नव्याने काही मिळालेले नाही, आणि फीमाफीतूनही ते वगळले गेले आहेत. उत्पन्न याहून जास्त असलेल्या पालकांचेही नुकसान आहे. जुन्या प्रणालीत दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, नव्या प्रणालीत दोन्ही नाहीत. मूल बारावीत असतानाच दोन्ही प्रणालींचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बघावा.

पात्र मुलीलाही पैसा लगेच मिळत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच्या आर्थिक वर्षाचा लागतो. एप्रिलपूर्वी काढून ठेवलेला दाखला त्यामुळे बाद होतो आणि जून-जुलैत सेतू केंद्रांवर गर्दी उसळते. पुढचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. बँक खाते आधारशी नुसते जोडलेले असून चालत नाही, अनुदान ज्या खात्यात जमा व्हायचे त्याच खात्याची आधारजोडणी सक्रिय हवी. जुन्या बंद पडलेल्या खात्याचीच जोडणी सक्रिय राहिली असेल तर हप्ता परत जातो. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज पडून राहिला तरी विद्यार्थिनीला तो ‘भरलेला’च दिसतो. सरकारकडून परतावा उशिरा येतो म्हणून काही महाविद्यालये प्रवेशावेळीच पूर्ण फी मागतात. असे करू नये अशा सूचना वारंवार निघाल्या, तक्रारी थांबल्या नाहीत.

आता मर्यादा वाढवा, मुलांनाही माफी द्या, विकास शुल्कही धरा, अशा मागण्या पुढे आहेत. तिन्ही रास्त आहेत. तिन्हींत पैसा आधी कॉलेजला द्यायचा की नंतर परत करायचा, हे लिहिलेले नसते, आणि प्रवेशाच्या खिडकीवर अडचण होते ती नेमकी तिथेच.