देणगीची वही आणि खरेदीची वही

रोजच्या वापराच्या वस्तू बनवणारी कंपनी एखाद्या भागात पाय रोवते, तेव्हा तिने शाळेला, दवाखान्याला किंवा पाणीपुरवठ्याला काय दिले याची चर्चा आधी होते. ती कच्चा माल कोणाकडून आणि कोणत्या भावाने घेते, पैसे किती दिवसांनी चुकते करते, हे प्रश्न मागे पडतात. हा क्रम फार जुना आहे.

विल्यम लीव्हर यांनी १८८८ मध्ये इंग्लंडमधील मर्सी नदीकाठी साबणाच्या कारखान्याला लागून पोर्ट सनलाइट ही कामगारांची वसाहत वसवायला घेतली. नफ्याचा वाटा कामगाराच्या हाती रोख ठेवण्यापेक्षा घरे, बागा आणि शाळा यांवर खर्चावा, अशी त्यांची धारणा होती. ही घरे त्या काळच्या औद्योगिक शहरांतील कोंदट खोल्यांपेक्षा नक्कीच चांगली होती. मात्र घर नोकरीशी बांधलेले असल्यामुळे काम सुटले की छप्परही जाण्याची भीती असे. पुढे १९११ मध्ये लीव्हर यांच्या कंपनीने आफ्रिकेत, बेल्जियमच्या ताब्यातील काँगोत पाम तेलासाठी विस्तीर्ण जमिनींचे हक्क मिळवले. शाळा, दवाखाने आणि किमान मजुरी यांच्या अटी करारात होत्या, तरीही तेलताडाचे घड उतरवण्यासाठी वसाहती प्रशासनाच्या बळावर माणसांना सक्तीने राबवले गेले.

कॅडबरीची कहाणी अधिक बोलकी आहे. बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिल वसाहतीमुळे या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबाचा मोठा लौकिक झाला होता. त्यांच्या कारखान्यात येणाऱ्या कोकोचा बराच भाग मात्र पोर्तुगालच्या ताब्यातील साओ टोमे बेटांवरून येई आणि तिथे अंगोलातून आणलेले मजूर नावापुरतेच करारबद्ध, प्रत्यक्षात गुलाम होते. याची कुणकुण कंपनीला १९०१ मध्ये लागली, चौकशीसाठी माणूस १९०५ मध्ये रवाना झाला आणि खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. दांभिकपणाचा आरोप करणाऱ्या एका वृत्तपत्रावर कंपनीने अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्यूरीने कौल कंपनीच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. मला हा निकाल या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो, कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर, दूरच्या मळ्यांत काय चालते याचा हिशेब तिथे कंपनीच्या नावावर मांडला गेला.

आंतरराष्ट्रीय नियम मात्र सावकाश आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७ च्या जाहीरनाम्याने बहुराष्ट्रीय कंपन्यांना स्थानिक कच्चा माल वापरण्याचा आणि स्थानिक उद्योगांशी करार करण्याचा विचार करायला सांगितले. नेदरलँड्समध्ये १९८८ मध्ये मॅक्स हावेलार या चिन्हाखाली न्याय्य भावाची कॉफी विक्रीस आली. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी पुरवठासाखळीतील मानवी हक्कांच्या हानीकडे लक्ष देणे हे कंपनीचे कर्तव्य मानले.

गरिबी निवारणासाठी काम करणारी संस्था ऑक्सफॅम आणि लीव्हर यांच्या कंपनीतून पुढे घडलेली युनिलिव्हर यांनी इंडोनेशियात एकत्रितपणे केलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे विशेष महत्त्वाचा आहे. कंपनीत स्वतःचे व कंत्राटी मिळून सुमारे ५,००० कामगार होते, तर पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने सुमारे ३,००,००० माणसांची रोजीरोटी तिच्या साखळीवर अवलंबून होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वितरण व किरकोळ विक्रीत होती. अशा साखळीत सामील झाल्याने गरिबांचे जीवनमान आपोआप सुधारत नाही, असेही त्या अभ्यासात स्पष्ट म्हटले होते.

ते का, हे एका साध्या व्यवहारातून कळते. खोकी बनवणारा छोटा कारखानदार कागद रोखीने घेतो, मजुरी दर आठवड्याला चुकती करतो आणि मोठ्या कंपनीकडून बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी यायचे असतील, तर मधले तीन महिने व्याजाने काढलेल्या पैशांवर रेटतो. म्हणजे लहान माणूस मोठ्या कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवत असतो. युरोपीय संघाने २०१९ मध्ये शेतमाल व खाद्यपदार्थांच्या मोठ्या खरेदीदारांना नाशवंत मालासाठी ३० दिवसांची आणि इतर मालासाठी ६० दिवसांची कमाल मुदत घालून दिली ती अशाच व्यवहारांमुळे.