ऊर्जा लेखापरीक्षण (मोठ्या इमारतींचे)

मोठ्या इमारतीत वीज कुठे, केव्हा आणि कशासाठी खर्च होते, हे प्रत्यक्ष मोजून त्यातली बचत शोधण्याच्या कामाला ऊर्जा लेखापरीक्षण म्हणतात. बोलताना सगळे ‘एनर्जी ऑडिट’ म्हणतात. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या व्याख्येनुसार केवळ पाहणी करून भागत नाही. शिफारशी, त्यांचा खर्च-लाभ आणि वापर कमी करण्याचा कृती आराखडा असलेला तांत्रिक अहवाल द्यावा लागतो. या कायद्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. ऊर्जा परीक्षकांची राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा ब्यूरोच्या अखत्यारीत होते, आणि महाराष्ट्रात कायद्याच्या अंमलबजावणीचे काम ‘महाऊर्जा’ या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे आहे.

मुंबईत काम सुरू होते ते बारा महिन्यांच्या बिलांपासून. इमारत कुठे आहे त्यावर बिल बेस्टचे, अदानीचे, टाटा पॉवरचे की भांडुप-मुलुंडकडे असल्यास महावितरणचे, हे ठरते. बिले ओळीने मांडली की मे आणि ऑक्टोबरमध्ये वापर चढलेला दिसतो आणि जानेवारीत उतरलेला. हा उतार दिसलाच नाही तर परीक्षकाने सावध व्हावे. बाहेर हवा गार असतानाही यंत्रणा मे महिन्यासारखीच चालते आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या कार्यालयात, मॉलमध्ये किंवा हॉटेलात विजेचा सर्वांत मोठा वाटा थंडाव्याचाच असतो. मुंबईत उष्म्याइतकाच, पावसाळ्यात तर त्याहून जास्त, त्रास दमटपणाचा. हवेतली वाफ पाण्यात बदलून बाहेर काढायलाही बरीच शक्ती लागते, म्हणून ताज्या हवेचा प्रत्येक जादा झोत बिलात उमटतो. बेसमेंटमधला चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, साधारणपणे ७ अंशांचे पाणी वर पाठवतो आणि ते १२ अंशांचे होऊन परत यावे अशी अपेक्षा असते. पाइपला अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर लावून प्रवाह मोजता येतो. तासाला ३०० घनमीटर पाणी फिरत असेल आणि फरक ५ अंशांचा असेल, तर थंडावा सुमारे ४९६ टन मिळतो (इथे टन हे वजनाचे नव्हे, थंडावा मोजायचे एकक). फरक २ अंशांवर घसरला तर तोच प्रवाह जेमतेम १९८ टन देतो, पण पंप मात्र तेवढीच वीज खात राहतो. असे पाणी नुसतेच फिरताना किती इमारतींत सापडते! बहुतेक वेळा दोष वरच्या मजल्यांवरच्या उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हचा असतो.

पंप आणि पंखे यांत मोठी बचत दडलेली असते, कारण त्यांना लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पंख्याची गती ८० टक्क्यांवर आणली की वीज जवळजवळ निम्मी लागते. त्यासाठीच व्हीएफडी, म्हणजे मोटरची गती गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे उपकरण, बसवतात. पण लाखो रुपये घालून बसवलेला हा व्हीएफडी वर्षानुवर्षे ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण गतीवर, अडकवून ठेवलेला आढळतो. ‘दादा, हा मॅन्युअलवर कधीपासून?’ असे प्लांट रूममधल्या ऑपरेटरला आपुलकीने विचारावे. ‘साहेब, ऑटोवर टाकला की ट्रिप होतो,’ असे उत्तर आले, तर कोणत्याही उपकरणाने दिली नसती अशी माहिती हाती लागली म्हणायचे. लॉगबुकही निरखून वाचावे. रात्री १, २, ३ वाजताचे आकडे एकाच पेनाने एका दमात लिहिलेले असतील आणि पाणी दर तासाला नेमके ७.० अंश असेल, तर तापमापक बंद आहे का ते आधी पाहावे.

गच्चीवरचे कूलिंग टॉवर, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत साचलेला क्षार, वरळी किंवा मरीन ड्राइव्हच्या खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या एसीच्या जाळ्या, धुळीने तुंबलेले फिल्टर ही नेहमीची ठिकाणे. दुरुस्तीचा खर्च कमी आणि लाभ लगेच, म्हणून अहवालात ती पहिल्या पानावर यावीत.

दिवसा केलेली फेरी अर्धीच. रात्री ११ नंतर आणि रविवारी इमारत पुन्हा पाहिल्याशिवाय लेखापरीक्षण पुरे झाले असे म्हणू नये. रिकाम्या मजल्यावर चालू राहिलेला एएचयू (गार हवा खेळवणारे यंत्र), कोणी नसताना उजळलेली लॉबी, सर्व्हर रूमसाठी म्हणून रात्रभर फिरणारा आख्खा चिलर तेव्हाच दिसतो. जुलैतल्या पहाटे काचेच्या बाहेरच्या बाजूला दव धरलेले असेल, तर आतली खोली गरजेपेक्षा थंड आहे हे मीटर न लावताच कळते. रुग्णालयात मात्र हात जपून घालावा लागतो. शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला किमान २० वेळा बदलावी लागते, तिथे कपात नको.

दिव्यांचे काम आता सोपे झाले आहे. जुनी ३६ वॉटची ट्यूब चोकसह पन्नासेक वॉट घेत असे, तर एलईडी २० वॉटमध्ये भागवते. गृहनिर्माण सोसायट्यांत सामायिक मीटरवर लिफ्ट आणि पाण्याचे पंप बोलतात. पालिकेचे पाणी ठरावीक वेळी तळटाकीत येते आणि तिथून ते गच्चीवर चढवायचे असते. फ्लोट व्हॉल्व्ह बिघडून टाकी वाहत राहिली, तर पाण्यासोबत वीजही वाहून जाते.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी पाहाव्या लागतात. राज्यात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे कामी न आलेली वीजही धरून, बिल येते, त्यामुळे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी आलेला वाटा) घसरला की युनिटच वाढतात. हा फॅक्टर सावरणारे कॅपॅसिटर पॅनल तपासणे म्हणूनच चुकवू नये. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा लोअर परळला इमारत मालकाची आणि वीजबिल भाडेकरूचे, अशी स्थिती सर्रास असते. नव्या चिलरचा खर्च एकाने करायचा आणि बचत दुसऱ्याच्या खिशात जायची, म्हणून चांगल्या शिफारशी कपाटात पडून राहतात. भाडेकरारातच हा हिशेब वाटून घेतल्याशिवाय त्यातून वाट निघत नाही.

काम झाल्यावर पुन्हा मोजणी करतात. ती आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी आणि शक्यतो तेवढेच मजले भरलेले असताना ताडून पाहावी लागते. मेमधले बिल ऑगस्टमधल्या बिलाशी लावले, तर एकही यंत्र न बदलता बचत झाल्याचे दिसेल.