स्पॅनिश पियानो-रचनांची क्लॅरिनेट-रूपांतरे

स्पेनमधील स्वच्छंदतावादी व राष्ट्रीय वळणाच्या पियानो-रचना क्लॅरिनेट (फुंकून वाजवायचे पाश्चात्त्य सुषिर वाद्य) आणि पियानो या जोडीसाठी नव्याने बांधण्याची पद्धती. इसाक अल्बेनिझ (१८६०–१९०९) आणि एन्रिके ग्रानाडोस (१८६७–१९१६) यांच्या रचना यासाठी विशेष घेतल्या जातात. या रचनांमध्ये पियानो मुळातच गिटारची नक्कल करीत असतो. त्यामुळे रूपांतरकाराला पियानोमागची गिटार आणि तिच्या साथीने गाणारा गळा, दोन्ही ओळखावे लागतात.

अल्बेनिझच्या ‘अस्तुरियास’ या सर्वांत परिचित रचनेचे नावच वादाचे आहे. ती १८९२च्या सुमारास ‘शाँ द एस्पान्य’ या संचातील ‘प्रील्यूड’ (आरंभीची छोटी रचना) म्हणून छापली गेली. ‘स्विट एस्पान्योला’ हा दुसरा संच अल्बेनिझने १८८६च्या सुमारास योजला होता. आठ शीर्षकांपैकी चारच रचना तेव्हा प्रसिद्ध झाल्या. अल्बेनिझच्या मृत्यूनंतर, बहुधा १९११मध्ये, होफमाइस्टर या जर्मन प्रकाशकाने रिकाम्या जागा अन्य रचनांनी भरल्या आणि या प्रील्यूडला ‘अस्तुरियास’ हे शीर्षक मिळाले. उत्तर स्पेनमधील अस्तुरियास प्रांताच्या लोकसंगीताशी तिचे नाते दाखविण्याचे प्रयत्न म्हणून पटत नाहीत. तिचे वळण दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाचे, तेथील फ्लामेंको या गायन-नृत्य-गिटार परंपरेचे आहे. तिचे पहिले गिटार-रूपांतर तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाने केले, हे मतही आता मागे पडले आहे. रूपांतरकाराच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे, कारण क्लॅरिनेटने कोणत्या गायकीचा बाज धरावा हे त्यावरून ठरते.

‘अस्तुरियास’च्या आरंभी एकच सूर सतत ठोकला जातो व त्याखाली चाल सरकते. हा ठोका क्लॅरिनेटला दिल्यास श्वासाला उसंत राहत नाही. तो पियानोकडेच ठेवून मधला संथ ‘कोप्ला’ (गाण्याच्या कडव्यासारखा भाग) क्लॅरिनेटला द्यावा, हा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. तेथे मूळ पियानोत एकच चाल दोन सप्तकांच्या अंतराने दोन्ही हातांत वाजते. वरची ओळ क्लॅरिनेटने व खालची डाव्या हाताने धरल्यास त्यातील पोकळ, दूरस्थ नाद टिकतो. पियानोचा सूर उमटताच विरू लागतो, क्लॅरिनेटचा मात्र फुंक असेतो टिकतो. म्हणून लांब सुरांना उतरती फुंक द्यावी लागते.

स्वरपट्टीची निवड हा खरा तांत्रिक पेच. बी फ्लॅट आणि ए हे क्लॅरिनेटचे दोन प्रचलित प्रकार. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सूर लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली, तर ए क्लॅरिनेटचा दीड स्वर खाली ऐकू येतो. ग्रानाडोसचे पाचवे स्पॅनिश नृत्य ‘आंदालुसा’ ई मायनरमध्ये आहे व त्याचा मधला भाग ई मेजरमध्ये (मायनर व मेजर हे पाश्चात्त्य स्वरपट्टीचे दोन मुख्य प्रकार). बी फ्लॅट वाद्यावर तो मधला भाग एफ शार्प मेजरमध्ये, म्हणजे सहा शार्प (सूर अर्धा स्वर चढविण्याच्या खुणा) लावून लिहावा लागतो. ए वाद्यावर तोच जी मेजरमध्ये, एका शार्पवर येतो. ए वाद्य हाताशी नसल्यास संपूर्ण रचना अर्धा स्वर चढवून एफ मायनरमध्ये नेता येते. मग क्लॅरिनेटवादकाची बोटे ए वाद्यावरच्यासारखीच राहतात. पियानोवादकाला मात्र डाव्या हाताची गिटारसदृश चाल नव्याने बसवावी लागते. शिवाय, लिखित मधल्या बी फ्लॅटवरून बी या सुरावर जाताना जवळजवळ सर्व छिद्रे एकदम झाकावी लागत असल्याने, त्या सांध्यावर आलेली मुरकी अडखळते. केवळ एका अलंकारासाठीही पट्टी बदलणे म्हणूनच रास्त ठरते.

अल्बेनिझच्या ‘इबेरिया’ (१९०५–०९) या संचाची वीण फार दाट आहे. एनरिके फर्नांदेस आर्बोस या स्पॅनिश वाद्यवृंद-संचालकाने त्यातील काही भाग वाद्यवृंदासाठी बांधले. एकाच सुषिर वाद्याला त्यातून सलग ओळ काढून देणे कठीण जाते.