बॉनेटखालची गोधडी

भाच्याने जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली आणि पहिल्याच रविवारी बॉनेट उघडून त्याच्या पत्र्याला आतून लावलेली काळी गादी उतरवायला बसला. का रे, विचारलं तर म्हणाला, "मामा, इंजिनाला आधीच उकडतंय, त्यात वरून ही गोधडी कशाला?" ती काढली की इंजिन थंड राहतं, गाडी हलकी होते, आवाज खुलतो आणि ताकदही वाढते, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. एका गादीकडून एवढ्या अपेक्षा! म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर ठेव खाली, आधी हिशोब करू.

वजनाचा हिशोब एका वाक्यात संपतो. ही गादी फार तर दीड-दोन किलोची, आणि पेट्रोलचं एक लिटर साधारण पाऊण किलोचं. टाकीत दोन लिटर कमी भरलं की तेवढंच साधतं.

उष्णतेपाशी मात्र थांबायला हवं, कारण गोधडीची उपमा तिथेच फसते. गोधडीत माणसाला ऊब मिळते, कारण आपली बरीचशी उष्णता कातडीवाटे जात असते. इंजिनाचं तसं नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर आणि एक तृतीयांश कूलंटवाटे (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या द्रवावाटे) रेडिएटरकडे. म्हणजे हायवेवर इंजिन २० किलोवॉटचं काम करत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटर बाहेर फेकत असतो. आता बॉनेट पाहू. क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, खालची हवा ८० अंश सेल्सिअस, बाहेरची ३० असं धरू. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला दहाएक वॉट जातील, म्हणजे एकूण ७५० वॉट. सेंटिमीटरभर जाडीची गादी लावली की हा आकडा दोनशेच्या आसपास येतो. फरक साधारण अर्ध्या किलोवॉटचा, तोही रेडिएटरच्या वीस किलोवॉटपुढे. ताकदीचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. हवा १० अंशांनी थंड झाली तर सुमारे ३ टक्के दाट होते आणि दाट हवेने ताकद थोडी वाढते हे खरं, पण बहुतेक गाड्यांत इंजिनाकडे जाणारी हवा पुढच्या जाळीमागून, नळीवाटे घेतलेली असते. बॉनेटखालच्या भट्टीतली नव्हे.

गाडी दामटून लगेच बंद केली, तेव्हा मात्र भाच्याचं थोडं बरोबर आहे. कूलंट फिरायचं थांबतं, वारा नसतो, आणि तापलेलं लोखंड आपली उष्णता आसपास सोडत राहतं. अशा वेळी उघडा पत्रा असेल तर आतला भाग जरा लवकर निवतो. पण ती उष्णता आधी सोसतो कोण? बॉनेट. टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाच्या) तापलेल्या कवचातून निघणारं प्रारण केल्व्हिन तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घाताने वाढतं. ३२७ अंशांचं ६२७ अंश झालं तर केल्व्हिनमध्ये ते दीडपटच होतं, प्रारण मात्र पाचपट. काही गाद्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पापुद्रा असतो तो यासाठी. कारखान्यातला मूळ रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, तो सहसा टिकतो. गॅरेजात पुन्हा मारलेला रंग बराच कमी तापमानाला सुकवतात, त्याची चिंता जास्त. आणि हौसेने बसवलेलं कार्बन फायबरचं बॉनेट असेल तर आणखीच जपावं. त्यातले कार्बनचे तंतू उष्णतेला दाद देत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारं रेझिन कमी तापमानाला पक्कं केलेलं असलं, तर ऐंशीएक अंशांतच मऊ पडू शकतं.

आता माझ्या आवडीचा विषय: आवाज.

गादीचा कोपरा हातात घेऊन भिंगाखाली पाहा. एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात आणि त्यांच्यामध्ये नुसती हवा. ध्वनी म्हणजे या हवेचं पुढेमागे हलणं. तंतूंच्या जंजाळातून हलताना हवा त्यांना घासते आणि ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते (इतकी थोडी, की गादी कोमटसुद्धा होत नाही). म्हणजे गादी आवाज अडवत नाही, घासून झिजवते. घासायचं तर हवा हलायला हवी, आणि खरी गंमत तिथे आहे. कडक पत्र्याला अगदी चिकटून असलेली हवा हलणार कुठे? तिथे दाब सर्वात जास्त बदलतो, पण हवेची हालचाल शून्य. येणारी लाट आणि पत्र्यावरून परतणारी लाट यांची बेरीज केली तर हवा सर्वात जोरात हलते ती पत्र्यापासून तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर. गादी तिथवर पोचत असेल तर ती पुरेपूर काम करते. पोचत नसेल, तर शांत पाण्यात वल्हं धरल्यासारखं.

आकडे घालू. ८० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३७५ मीटर. गादी जरा जाडच, २ सेंटिमीटरची धरू, म्हणजे तिला पुरेपूर मानवणारी तरंगलांबी ८ सेंटिमीटर आणि वारंवारता सुमारे ४७०० हर्ट्झ. आता चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरतंय असं समजा. सेकंदाला १०० फेरे, दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे २०० हर्ट्झ. त्या घुमाऱ्याची तरंगलांबी १८७ सेंटिमीटर, चतुर्थांश ४७ सेंटिमीटर. अर्ध्या मीटरची गादी कुठल्या बॉनेटखाली मावते?

म्हणजे ज्या खर्जासाठी शौकीन मंडळी गादी काढतात, त्या खर्जाला गादीने कधी फारसा हातच लावलेला नसतो. तो सायलेन्सरमधून आणि इनटेकमधून (इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेतून) जसा यायचा तसाच येतो. गादी काढल्यावर नवीन ऐकू येते ती इंजेक्टरची टिकटिक आणि व्हॉल्व्हची खटखट. रेसिंग कारची डरकाळी हवी होती, मिळालं शिलाई मशीन!

यावरून एक कळेल. गादी आणि पत्रा यांच्यात जागोजागी पोकळी राहते तो ढिसाळपणा नव्हे. त्या पोकळीमुळे गादी पत्र्यापासून दूर, म्हणजे हलत्या हवेत येते. आणि गादीवर सगळीकडे फॉइलची टेप चिकटवणाऱ्यांना उष्णता परतवल्याचं समाधान मिळतं, पण वरच्या पट्टीतला आवाज फॉइलवरूनच माघारी फिरतो, तंतूंपर्यंत जातच नाही.

बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याचं एक खूळ आहे, त्याबद्दलही सांगून टाकतो. उभ्या गाडीत गरम हवा तिथून निघते खरी. पण गाडी वेगात असताना समोरची हवा काचेच्या पायथ्याशी अडून तिथला दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घेण्याची जाळी याच कारणासाठी तिथे असते. फटीतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच आत घुसते, आणि सिग्नलला थांबलं की ऑइलचा वास केबिनमध्ये. बॉनेटला झरोके पाडायचेच तर ते कमी दाबाच्या जागी, पुढच्या बाजूला हवेत. आणि ते असतील तर त्यांच्याखालची गादी काढावीच लागते, नाहीतर झरोके नुसते शोभेचे.

आग लागली की क्लिपा वितळून गादी इंजिनावर पडते आणि आग विझवते, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. आगीला हवा खालून आणि बाजूंनीही मिळते, शिवाय गळणारं पेट्रोल गादीला विचारून जळत नाही. गाडीत छोटं अग्निशामक ठेवा.

भाच्याची गादी उलटी करून पाहिली. ऑइलने भिजलेली असती, लोंबून टर्बोला किंवा पट्ट्याला टेकत असती, उंदरांनी घर केलं असतं, तर मीच काढून फेकायला लावली असती. ऑइल प्यायलेली गादी ही वातच. गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची असती तरी हरकत घेतली नसती. तसं काही नव्हतं. मधोमध ऑइल फिलरच्या झाकणाचा गोल ठसा आणि एका कडेला थोडी निघालेली लव, एवढंच. हातमोजे घालून (काचतंतू कातडीला चावतात) पुन्हा बसवली. क्लिपा मात्र नव्या आणाव्या लागल्या. उष्णतेने कडक झालेल्या जुन्यांपैकी सात त्याने उपटतानाच तोडल्या होत्या.