शेगावकडचं टक्कल आणि ‘व्हायरस’ हा शब्द: पार्श्वभूमी

केस झडून राहिले म्हटलं की नागपुरात पहिलं बोट बोअरच्या पाण्यावर जातं. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण मुळापासून गळतात तेव्हा कारण बहुतेक शरीराच्या आत असतं, आणि तेही बरेचदा जुनं. हे आमच्याकडे खरं कळलं २०२१ मध्ये. एप्रिलमध्ये घरोघरी कोरोनाचा ताप, आणि जुलैत बाथरूमची जाळी केसांनी तुंबलेली. आई कंगव्यातला एकेक केस उजेडात धरून दाखवायची, बघ टोकाला पांढरा मणी आहे, मूळच निघालं. मूळ नव्हतं ते. केस वाढायचा थांबला की त्याचं आतलं टोक जाड होतं, दोन-तीन महिने तो तसाच अडकून राहतो नि मग पडतो, मूळ आतच असतं. म्हणून मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम तोडलेलं जेवण यांचा परिणाम तीन महिन्यांनी डोक्यावर दिसतो. दिवाळीनंतर आईच्या कपाळाशी बारीक लव आली, तेल तेच होतं.

या प्रकाराला डॉक्टरी नाव १९६१ लाच मिळालंय. त्याआधी १९४२ मध्ये पुरुषांच्या टकलाचा संबंध पुरुषी हार्मोनशी जोडला गेला होता. मिनॉक्सिडिल आधी बीपीची गोळी होतं, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्यावर लावायचं औषध झालं. गोल चट्टा पडला की आपण चाई म्हणतो नाहीतर किडा लागला म्हणतो, त्यात किडा नसतो, स्वतःची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळांवर उलटते.

पण शब्दाने सगळ्यात जास्त घात केला तो शेगाव तालुक्यात. डिसेंबर २०२४ संपता संपता तिथल्या गावांत डोक्याला खाज सुटायची, आणि तीन-चार दिवसांत हाताने ओढले तरी केस हातात यायचे, बाया, पोरं, म्हातारे सगळ्यांचे. जानेवारीत बातम्यांत ‘टक्कल व्हायरस’ आलं आणि तेच नाव चिकटलं. व्हायरस कोणाला सापडलाच नव्हता, पण नाव ऐकून लोक जवळ बसेनात, पोरी कॉलेजला जाईनात, ठरलेली लग्नं अडली. गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेले आमच्याकडचे लोकही विचारून राहिले होते की तिथलं पाणी प्यावं का.

सुरुवातीला बुरशी म्हटलं गेलं, मग विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट. नंतर एका डॉक्टरांनी स्वखर्चाने तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर (मातीतून धान्यात येणारं खनिज, शरीरात जास्त गेलं की विषारी) बोट ठेवलं, स्थानिक गव्हाच्या ६०० पट असल्याचं सांगितलं, आणि वाद पेटला. गहू पंजाबकडचा होता म्हणतात, तिथल्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या मातीत सेलेनियम जास्त आहे हे आधीपासून माहीत आहे. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात खाण्यातून गेलेल्या सेलेनियमने असेच केस आणि नखं गेली होती. मला हाच धागा पटतो, कारण अशा विषाने वाढता केसच मुळाशी कमजोर होऊन तुटतो, कॅन्सरच्या औषधाने तुटतो तसा, तो तीन महिने थांबत नाही.

काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे केस परत यायला लागले. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून बातमी आली, आता लोकांची नखं गळून राहिली.